शिसवी पेट्यांची जोडी

माझ्या मावसभावाने मुलुंडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फसवलं, आणि माझ्या हातच्या कामाच्या जोरावर फसवलं. मार मी खाल्ला. नंतर त्याला जो मार पडला तो मी दिलेला होता, आणि तो कमी पडला असं मला आजही वाटतं.

मी जुन्या लाउडस्पीकरच्या पेट्या दुरुस्त करतो. आपल्याकडच्या सुखवस्तू घरांतून असे मोठे, कमरेएवढे उंच स्पीकर अजून उभे असतात. कोणी साठवलेल्या पगारातून घेतलेले, कोणी बोटीवरच्या नोकरीत असताना बाहेरून आणलेले. आवाज शाबूत असतो, पण वरचं लाकूड गेलेलं असतं. खरं तर ते लाकूड म्हणजे नुसता पापुद्रा. पेटी आतून प्लायची किंवा भुशाच्या बोर्डाची, आणि वर सागाचं किंवा शिसवाचं कागदासारखं पातळ व्हिनियर चिकटवलेलं. कोणी वर कुंडी ठेवतो, कोणी बादलीभर पाण्याने फरशी धुतो. कडा फुगतात, कोपरे उचलतात, मोलकरणीचा फडका अडकून एक दिवस तुकडाच निघून येतो. मग लोक माझ्याकडे येतात.

जुनं व्हिनियर काढणं हे मारामारीचं काम आहे. ओलं फडकं ठेवायचं, वर तापलेली इस्त्री दाबायची, खालचा सरस वितळू द्यायचा. जुना सरस जनावरांच्या हाडांचा आणि कातड्याचा. तो तापला की गाळ्यात खाटकाच्या दुकानासारखा वास सुटतो. वाफेने हात भाजतात. मग कडेला पटाशी घुसवायची आणि ओढायचं. चांगलं सुटलं तर सालीसारखं लांब निघतं, नाहीतर चिरफाळ्या होतात आणि त्यातली एखादी नखाखाली जाते. माझ्या हातावर अशा कामाच्या इतक्या खुणा आहेत की कुठली कधीची ते मलाच सांगता येत नाही. हे काम शांत माणसाचं आहे असं लोकांना वाटतं. मला ते जमलं कारण मी शांत नाही. दिवसभर काहीतरी सोलून, दाबून, ठोकून झालं की माझा राग घरी जाईपर्यंत निम्म्यावर येतो.

हा राग विक्रोळीच्या चाळीतला. वडील कारखान्यात होते, लवकर गेले. मी शाळा सोडून एका फर्निचरच्या मिस्त्रीकडे पॉलिशला लागलो. चुकलं की मिस्त्री लाकडी पट्टी आडवी नाही, उभी मारायचा. तिथून मुलुंडच्या या गाळ्यापर्यंत मी आलो ते भाव करत. लाकूड घेताना, भाडं ठरवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, कुठेही मी पहिल्या बोलीला हो म्हटलेलं नाही. माझी रीत अशी की वस्तू समोर आली की आधी तिचा दोष शोधायचा आणि तो मोठ्याने सांगायचा. समोरचा माणूस ओशाळला की अर्धा सौदा झाला. दोष शोधायची ही सवय डोळ्यांना इतकी लागली आहे की मला लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा आधी दाराची वाकलेली फळी दिसते.

मावसभाऊ माझ्याहून थोडा मोठा. त्याच चाळीत, दोन दारं सोडून. माझ्या आईला दिवसभर कामाला जावं लागायचं तेव्हा मावशीने आम्हा दोघांना एका ताटात जेवायला घातलं आहे. तो शिकला, त्याला गोड बोलता येतं, आणि घाटकोपरला त्याचं काचेच्या दाराचं दुकान आहे. जुने स्पीकर, जुने ॲम्प्लिफायर, रेकॉर्डचे प्लेअर. गिऱ्हाइकं त्याची, आतलं वायरिंग तो बाहेरून करून घ्यायचा, लाकूड माझं. अशी आमची वर्षानुवर्षं चाललेली व्यवस्था होती. लाकडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सागावर हात ठेवून तो गिऱ्हाइकाला शिसव म्हणून सांगायचा आणि मी मागून खोकायचो.

मुलुंडच्या काकांकडे तो मला मुद्दाम घेऊन गेला. काका निवृत्त इंजिनियर, पत्नी गेलेल्या, मुलगा त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर. हॉलमध्ये खिडकीच्या दोन बाजूंना शिसवी पेट्यांची जोडी. मी आत गेलो आणि थांबलोच. शिसव आता असं मिळत नाही. काळसर तपकिरी, त्यात लालसर रेषा, जणू कोणी पाण्यात शाई सोडली आहे. खालचे कोपरे फुगले होते आणि एका पेटीची बाजू सोलली होती, बाकी सगळं जागेवर.

सवयीप्रमाणे मी दोष शोधला आणि तो मिळाला. एका पेटीच्या माथ्यावर लाकडाच्या रेषा डावीकडून उजवीकडे जात होत्या. दुसरीच्या माथ्यावर पुढून मागे. जोडीत असं चालत नाही. दोन्ही पेट्यांवर रेषा सारख्याच हव्यात, म्हणजे बाजूवरून वर चढलेली रेष माथ्यावरून सरळ पलीकडे उतरते. कारखान्यातल्या कोणीतरी घाईत तुकडा फिरवून चिकटवला होता. मी ते काकांना दाखवलं, जरा चढ्या आवाजात, आणि म्हणालो की काम करताना हेही सरळ करून टाकू.

काका ओशाळले नाहीत. म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही. पेट्या घरी आल्या त्याच दिवशी बायकोने ते पकडलं. परत कर म्हणाली. मी केल्या नाहीत. त्यावरून आम्ही जन्मभर भांडलो. ती गेली, भांडण राहिलंय. ते राहू द्या."

माझी बोली तिथेच पडली. मी जो भाव सांगणार होतो त्याच्या खालचा सांगून मोकळा झालो. मावसभाऊ बाजूला उभा राहून फोनवर काहीतरी बघत होता. त्याने हे बोलणं ऐकलंच नाही, हे मला फार नंतर कळलं.

पेट्या गाळ्यात आल्या. मी फुगलेल्या कोपऱ्यांतला बोर्ड खरवडून काढला, नवा बसवला, सोललेल्या बाजूवर जुन्याशी जुळेल असं शिसव शोधून आणून लावलं. माथ्याला बोटही लावलं नाही. त्या पुढून मागे जाणाऱ्या रेषांवरून नुसतं मेण फिरवलं.

काम अर्ध्यावर असताना मावसभाऊ आला आणि म्हणाला, अगदी अशीच एक जोडी हवी आहे. अंधेरीचा एक माणूस आहे, त्याच्याकडे आतलं सगळं सामान आहे, पेट्या पावसात सडल्या. माप घे, अशाच्या अशा बनव. यात वावगं काही नव्हतं. पेटी सडली तर नवी पेटी बनवायची, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार. मी त्याच्याशी भांडून भाव वाढवून घेतला आणि कामाला लागलो.

ती जोडी मी बनवली तशी मी आयुष्यात दुसरी बनवलेली नाही. प्लाय निवडून घेतला. एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेली शिसवाच्या व्हिनियरची पानं मिळवली, म्हणजे एका पेटीची रेष दुसरीत आरशासारखी दिसावी. सरस लावून, दाबून, क्लॅम्प आवळून ठेवलं आणि सुकेपर्यंत कोणाला जवळ येऊ दिलं नाही. आणि माथ्यावर, दोन्ही पेट्यांच्या, रेषा डावीकडून उजवीकडे घातल्या. जशा हव्यात तशा. अंधेरीच्या माणसाच्या घरात कोणाचं भांडण राहिलेलं नव्हतं. कारखान्याची चूक मी माझ्या हाताने परत का करावी? पॉलिशचा शेवटचा हात झाल्यावर दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या तर माथा सोडून कुठेच फरक सापडत नव्हता. मावसभाऊ बघून म्हणाला, "झकास रे. कुठली कुठली, मलाही कळत नाही." मला ती शाबासकी वाटली.

चारही पेट्या त्याने टेम्पोत घातल्या. म्हणाला, आतलं सामान बसवून मीच दोन्हीकडे पोचवतो.

पेट्या पोचल्या त्यानंतर एका दुपारी काकांचा मुलगा गाळ्यात आला. चाळिशीचा, व्यायामाने कमावलेलं अंग, बरोबर तसेच दोन मित्र. तिघांनी मिळून एक पेटी गाडीतून काढली आणि गाळ्याच्या मध्यभागी आदळली. माझ्या अंगातून कळ गेली, कारण लाकूड कुठेतरी चिरकल्याचा आवाज मी ऐकला.

त्याने विचारलं, बाबांची पेटी कुठे आहे. मी म्हणालो, ही काय समोर.

"ही त्यांची नाही," तो म्हणाला. "आईची रेष कुठे गेली?"

मी माथा बघितला. मग पेटी पालथी केली. मागे कंपनीच्या पट्टीसकट जुनी पाठ बसवलेली होती, पण तळाला, जिथे व्हिनियर संपतं तिथे, मी निवडलेला प्लाय होता. माझ्या करवतीची धार होती. माझी पेटी. अंधेरीला जायची ती मुलुंडला आली होती, आणि मुलुंडची खरी जोडी अंधेरीला गेली होती, जिथल्या माणसाने सडलेल्या पेट्यांच्या बदली नव्या पेट्या मागितल्याच नव्हत्या. त्याने जुनी अस्सल जोडी मागितली होती. पेटीच्या तळाशी गुडघ्यावर बसलेलो असताना हे सगळं मला एकदम कळलं.

मी म्हणालो, भावाला फोन लावा, आत्ता. मुलाने लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मावसभावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, लाकडाचं सगळं तोच बघतो. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही त्यालाच विचारा ना."

फोन बंद झाला आणि पहिला फटका माझ्या कानाखाली बसला.

मी मार खायला उभा राहणारा माणूस नाही. लाकडी हातोडा हाताशी होता, तो मी एका मित्राच्या खांद्यावर घातला आणि तो ओरडत भिंतीला टेकला. पण ते तिघे होते. एकाने मला मागून धरलं. मुलाने पोटात गुडघा घातला. तोंडात रक्त आणि लाकडाचा भुसा एकत्र झाला. मी ओरडत होतो, आणि जे ओरडत होतो तेच खरं होतं. "चोरी करायची असती तर मी तीच चूक केली असती. नीट का केलं असतं? डोकं लावा जरा."

मुलगा माझी कॉलर धरून म्हणाला, "चूक करायला विसरलास म्हणून सापडलास."

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. ज्याला लाकडाचं कळत नाही त्याला त्या रेषा म्हणजे विसरभोळेपणा वाटणार. लाकडात जन्म काढलेल्या माणसाचा हात उलटा चालत नाही, हे कळायला स्वतः एकदा तरी पान फिरवून चिकटवून बघावं लागतं.

मग ते मोडतोडीला लागले. भिंतीशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या सागवानी पेट्या होत्या, त्या उचलून आपटल्या. सरसाचं भांडं लाथेने उडवलं. शिसवाची उरलेली पानं, जी मी दोन फळ्यांमध्ये जपून ठेवली होती, ती एकाने पायाखाली घेऊन तुडवली. सुकं व्हिनियर पापडासारखं मोडतं. तो आवाज मला कानाखालच्या फटक्यापेक्षा जास्त लागला. मी सुटून त्यांच्या मागे धावलो. ते बाहेर पडून शटर खाली खेचत होते, मला आत कोंडण्यासाठी. मी उजवा हात घातला. मुलाने बघितलं की हात आहे. त्याने तरीही खेचलं.

दोन बोटांची हाडं मोडली. डॉक्टरांनी सांधली, पण ती आता पूर्ण मिटत नाहीत. पटाशी धरता येते, फक्त जोर लावला की सुटते.

प्लास्टर ओलं होतं तेव्हाच मी घाटकोपरला गेलो. वाटेत रिक्षात मी काय काय विचारायचं ते ठरवत होतो. काचेचं दार उघडलं, मावसभाऊ एका जोडप्याला रेकॉर्ड लावून दाखवत होता. माझ्याकडे बघून त्याने हसून हात वर केला, थांब जरा, अशा अर्थाने. त्या हसण्यावर माझं सगळं ठरवलेलं गेलं. मी प्लास्टरचाच हात त्याच्या गालफडावर घातला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढी कळ गेली. पण तो पडला, आणि पडताना काउंटरची काच घेऊन पडला. जोडपं पळालं. मी त्याच्या छातीवर बसलो आणि डाव्या हाताने मारत राहिलो. नाकातून रक्त आलं, ते त्याच्या पांढऱ्या शर्टवर पसरलं. मी एकच विचारत होतो, खरी जोडी कोणाला दिलीस.

त्याने सांगितलं नाही. मार खाता खाता तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पेटी कोणी बनवली?" तो म्हणाला. "मी तर नुसता विकतो यार. तुला माहीत नव्हतं असं कोण मानेल? जा पोलिसात. पहिला प्रश्न तुलाच विचारतील."

शेजारच्या दुकानदारांनी मला ओढून काढलं. एकाने लगावलीही. मी फुटपाथवर बसलो तेव्हा तो आत एकेक काच उचलून कागदावर ठेवत होता.

पोलिसात तो गेला नाही. मीही गेलो नाही. काकांचा मुलगाही गेला नाही, त्याला शटरची आठवण असणार. घरात मात्र सगळे माझ्याच अंगावर आले. भावावर हात टाकला, रक्त काढलं, गिऱ्हाइकांसमोर तमाशा केला. मावशी भाजणीचा डबा घेऊन आली. माझ्या प्लास्टरकडे बघून तिच्या मालवणीत म्हणाली, "तुझो भाव मा तो. सोड आता."

मी तिला विचारलं, तुला माहीत आहे का त्याने काय केलं? तिने मान वळवली. तिला माहीत होतं. मी डबा परत दिला. जिने आम्हाला एका ताटात जेवायला घातलं त्या बाईला मी भरल्या डब्यासकट दारातून परत पाठवलं, आणि त्याचा हिशेब मी माझ्या खात्यावर घेणार नाही.

मग मी काकांकडे गेलो. मुलगा ऑफिसला गेल्याची वेळ बघून गेलो. काकांनी आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं तसंच ठेवलं. त्यांच्या मागे खिडकीशी एकच पेटी उभी होती, दुसरी बाजू रिकामी. मी जाळीतून सगळं सांगितलं, प्लाय, पानं, माथा, फोन. त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझ्या हाताकडे बघून विचारलं, हे माझ्या मुलाने केलं का. मी हो म्हणालो. जाळीवरचा त्यांचा हात खाली गेला.

मी म्हणालो, गाळ्यात राहिलेली पेटी मी नीट करतो, तिच्या माथ्यावरचं व्हिनियर काढतो आणि तुमच्या जुन्या पेटीसारखं पुढून मागे लावून देतो. फुकट. माझ्या तोंडून हा शब्द सहसा निघत नाही.

"खोटी चूक घेऊन मी काय करू?" काका म्हणाले.

मग म्हणाले, "तुमचं खरं असेल. मला वाटतं असेलच. पण तुमच्या तोंडून ऐकून मला उपयोग नाही, तुमचा स्वार्थ आहे त्यात. ज्याने पेट्या माझ्या दारातून नेल्या त्याने इथे यावं आणि सांगावं."

या शहरात जुन्या स्पीकरवाल्यांचं जग लहान आहे. काकांच्या मुलाने त्यांच्या ग्रुपवर माझ्या गाळ्याचा फोटो टाकून चोर लिहिलं, तेव्हापासून मुलुंड ते बोरिवली, माझ्याकडे पेटी सोडायला कोणी तयार नाही. जे येतात ते कामभर गाळ्यात खुर्ची टाकून बसतात. माझ्या हातावर नजर ठेवून. मी इस्त्री फिरवतो आणि एक माणूस बघत असतो की मी त्याचं लाकूड बदलत तर नाही ना. रागाने माझे दात दुखतात, पण हातोडा कोणावर उगारू? हे चुकीचं वागत नाहीत. जे त्यांना सांगितलं गेलं त्यावर ते वागतात.

काकांना परवा दवाखान्यात नेलं असं सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं. परत आले आहेत, पण आता जिना उतरत नाहीत.

म्हणून हे मी सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे, आणि तुला, माझ्या मावसभावाला, लिहितो आहे. तू वाचशील, तुला कोणीतरी पाठवेलच. मला तुझ्याकडून भरपाई नको, माफी नको, मावशीच्या हातून निरोप नको. मी जन्मभर भाव केला, यात करणार नाही. तुझ्या अंगाला माझा हात लागेल अशी भीती असेल तर मी त्या दिवशी मुलुंडमध्येही थांबणार नाही. तू त्या माणसाच्या दारात जा, ते जिथे बसलेले असतील तिथे त्यांच्यासमोर उभा राहा, आणि सांग की पेट्या कोणी बदलल्या आणि मला ते माहीत होतं की नव्हतं. त्यांची जोडी आज कोणाच्या घरात आहे, तेही सांग. मला नको सांगू, त्यांना सांग. कधी जातोस?